धुराचा हिशेब मांडणारा माणूस : जे. सी. कुमारप्पा

वर्ध्यातल्या कुमारप्पा मार्गावरून आपण कितीतरी वेळा जातो. कधी झेरॉक्स काढायला, कधी बस पकडायला, कधी नुसतंच भटकायला. पण हे कुमारप्पा कोण, असा प्रश्न कधी पडलाय का तुम्हाला? मला तरी कधी पडला नव्हता. दक्षिणेकडचे कोणी जुने पुढारी असतील, एवढंच वाटायचं. खरं सांगतो, हा माणूस मला इतिहासाच्या पुस्तकात भेटला नाही. तो भेटला इलेक्ट्रॉनिक्सच्या मिनी प्रोजेक्टमध्ये, आणि तोसुद्धा प्रोजेक्ट पार फसल्यावर!

झालं असं. तिसऱ्या वर्षाला आम्ही चौघांनी मिळून स्मोक अलार्म बनवला. एमक्यू-२ सेन्सर, एक कम्पॅरेटर, एक बझर, बाहेर प्लास्टिकचा डबा. लॅबमध्ये उदबत्ती जवळ धरली की डबा असा बोंबलायचा की शेजारच्या लॅबमधली पोरं बघायला यायची. मार्कही चांगले पडले. पण माझ्या डोक्यात मार्कांपेक्षा घर होतं. आमचं गाव सेलू तालुक्यात, सेलडोहच्या पुढे. आपल्याकडे कापसाला भाव येईपर्यंत तो घरातच भरून ठेवतात, हे गावाकडच्या मुलांना सांगायला नको. पुढच्या खोलीत पार छतापर्यंत ढीग लागतो, त्याच्या बाजूलाच आम्ही झोपतो आणि भिंतीपलीकडे चूल. घरातलं वायरिंग बाबांच्या लग्नाच्या वेळचं. कापसाची आग पुष्कळदा एकदम भडकत नाही, आतल्या आत धुमसत राहते. ज्वाळा दिसायच्या आधी खोली धुरानं भरते, आणि झोपलेल्या माणसाला धुराच्या वासानं जाग येईलच याची काही खात्री नसते. म्हणूनच जगभर घरात अलार्म लावतात. दिवाळीच्या सुट्टीत मी आमचा डबा मोठ्या ऐटीत गावी नेला आणि स्वयंपाकघरात आढ्याला टांगला.

पहाटे पाच वाजता आजीनं पऱ्हाट्या मोडून चुलीत घातल्या, आणि डबा जो सुरू झाला तो थांबेचना! गोठ्यातली म्हैस बिचकली, शेजारचे काका बादली घेऊन धावत आले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी उठून बघतो तर प्लग काढलेला आणि डब्यावर पोतेरं टाकलेलं. भरीस भर म्हणजे लाइट गेल्यावर आमची ९ व्होल्टची बॅटरी तीन-चार तासांतच संपायची, कारण या सेन्सरच्या आतला हीटरच दीडशे मिलिअँपियरच्या आसपास करंट खातो. म्हणजे ज्या रात्री खरी गरज, त्या रात्री डबा गप्प. आणि पहाटे रोजचा स्वयंपाक सुरू झाला की आरडाओरडा!

मी आजीवर चिडलो. ती मात्र शांत होती. तिनं मला समजावलं की बाळा, या घरात धूर आहे हे मला लग्न होऊन आले त्या दिवसापासून ठाऊक आहे. तुझा डबा मला ठाऊक असलेलंच सांगतो. करायचं काय ते सांगत नाही. एवढं बोलून ती खोकत खोकत भाकरी थापायला बसली. घरात गॅस आहे, २०१६ नंतरच्या योजनेतलं सिलिंडर कोपऱ्यात उभं आहे. पण ते भरायला पैसे लागतात, म्हणून त्यावर फक्त पाहुण्यांचा चहा होतो. भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच.

कॉलेजला परतल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले की कुमारप्पा मार्गावर जा, मगन संग्रहालय बघून ये. मला वाटलं, सर टाळतायत. तरी गेलो. तिथे चरखे, घाणी, ग्रामोद्योगाची अवजारं बघता बघता दोन नावं कानावर पडली : मगनदीप आणि मगन चूल. घरातल्या धुरावर कोणीतरी आपल्याच गावात सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी डोकं लावलं होतं! मग मी कुमारप्पांबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. ते तुम्हालाही सांगावंसं वाटतं.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरला झाला. तंजावर म्हटलं की आपल्याला भोसल्यांचं राज्य आठवतं, पण हे घराणं तमिळ ख्रिस्ती. त्यांचं पाळण्यातलं नाव जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस. कुमारप्पा हे घराण्यातलं जुनं नाव त्यांनी पुढे पुन्हा घेतलं. तरुणपणी ते लंडनला गेले, अकाउंटंट झाले आणि परत येऊन मुंबईत हिशेब तपासण्याचा धंदा करू लागले. सूट, बूट, इंग्रजी रीतीरिवाज, सगळं साहेबी. पैसा होता, ओळखी होत्या. म्हणजे आजच्या भाषेत पूर्ण सेटल झालेला माणूस!

१९२७ मध्ये ते अमेरिकेला गेले. सिरॅक्यूज विद्यापीठातून व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घेतली आणि मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्त शिकू लागले. तिथे भारत गरीब का, या विषयावर त्यांनी एक भाषण दिलं. त्याची बातमी वर्तमानपत्रात आली, ती त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी वाचली आणि त्यांना याच विषयावर प्रबंध लिहायला सांगितलं. कुमारप्पा आकडे उकरायला बसले. सरकार कर कोणाकडून घेतं, खर्च कशावर करतं, याची एकेक ओळ त्यांनी तपासली. आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबवह्या तपासणाऱ्या या माणसाला कळलं की सगळ्यात मोठी गडबड तर देशाच्या वहीत आहे. गरिबाकडून घेतलेला पैसा गरिबाकडे परतच जात नव्हता.

१९२९ मध्ये हा प्रबंध घेऊन ते गांधीजींना भेटायला साबरमतीला गेले. तारीख होती ९ मे. झाडाखाली शेणानं सारवलेल्या जागी एक म्हातारा सूत काढत बसला होता. कुमारप्पा काठीवर रेलून बघत उभे राहिले. भेटीची वेळ अजून झाली नव्हती. थोड्या वेळानं कळलं की हेच ते गांधी! मग साहेब आपल्या रेशमी पँटची पर्वा न करता तसेच जमिनीवर बसले. मला हा प्रसंग फार आवडतो. मीही माझा डबा घेऊन गेलो होतो, पण आजीच्या चुलीजवळ बसलो मात्र नव्हतो.

गांधीजींनी त्यांचा प्रबंध 'यंग इंडिया'मधून क्रमशः छापायला घेतला आणि लगेच एक कामही दिलं : खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी. कुमारप्पांना गुजराती येत नव्हतं. त्यांनी गुजरात विद्यापीठाचे विद्यार्थी सोबत घेतले आणि गावोगाव घरोघर फिरून माहिती गोळा केली. घरात माणसं किती, जमीन किती, कर्ज किती, पोटात काय जातं. १९३१ मध्ये ती पाहणी पुस्तकरूपानं निघाली. आपण सर्व्हे म्हणजे होस्टेलवर बसून फॉर्म भरणं समजतो. त्यांनी सर्व्हे पायानं केला.

मग दांडीनंतरचे दिवस आले. 'यंग इंडिया' चालवण्यात त्यांनी हातभार लावला, तुरुंगातही गेले. १५ जानेवारी १९३४ ला बिहारात भयंकर भूकंप झाला. राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखाली मदतकार्य सुरू झालं, लाखोंचा निधी जमला आणि त्याचा हिशेब सांभाळायला कुमारप्पांना पाठवलं गेलं. गांधीजी तिथे आले तेव्हा त्यांचा आणि त्यांच्या मंडळींचा खर्च मदतनिधीतून द्यायला कुमारप्पांनी साफ नकार दिला. पैसा भूकंपग्रस्तांचा, तो त्यांच्यासाठीच! समोर प्रत्यक्ष गांधी असले तरी वही ती वही.

आता येतो आपला वर्धा. डिसेंबर १९३४ मध्ये इथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मार्गदर्शक गांधीजी, चिटणीस कुमारप्पा. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि त्यातली इमारत संघाला दिली. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी १९२८ मध्ये वारले होते, त्यांच्या नावावरून जागेला नाव पडलं मगनवाडी. सेगावला, म्हणजे नंतरच्या सेवाग्रामला, जायच्या आधी १९३६ पर्यंत गांधीजींचा मुक्काम इथेच असायचा. ३० डिसेंबर १९३८ ला त्यांनीच मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं.

मगनवाडी म्हणजे त्या काळचं आरअँडडी सेंटरच म्हणा ना! तेलघाणी सुधारायची, हातकागद करायचा, मधमाश्या पाळायच्या, हातसडीचा तांदूळ, गूळ, साबण, सगळ्यावर प्रयोग चालायचे. झवेरभाई पटेलांनी सुधारलेली घाणी तर पुढे वर्धा घाणी म्हणून देशभर ओळखली गेली. यंत्र बनवताना तिथले प्रश्न ठरलेले असायचे. हे गावातला सुतार-लोहार दुरुस्त करू शकेल का? कच्चा माल गावातच मिळेल का? यामुळे गावातल्या कोणाचा रोजगार जाईल का? कुमारप्पा यंत्रांच्या विरोधात होते असं बरेच जण समजतात. मला तसं वाटत नाही. यंत्र कोणासाठी आणि त्याचं बिल शेवटी कोण भरतं, हे विचारल्याशिवाय ते सोडत नसत, एवढंच.

मगनदीप याच विचारातून आला. तेव्हा खेड्यात घासलेटची चिमणी जळायची. घासलेट बाहेरून यायचं, पैसा बाहेर जायचा आणि घरात उरायची काजळी. शिवाय ती उघडी चिमणी कलंडली की गवती छपराचं काय होत असेल, विचार करा. मगनदीप हा वनस्पती तेलावर चालणारा कंदील. जे तेल खाण्याच्या कामाचं नाही, ते गावातच काढायचं आणि त्यावर उजेड पाडायचा.

दुसरी मगन चूल. १९४० च्या दशकात मगनवाडीत ही धूर बाहेर काढणारी मातीची चूल पुढे आली. आपण इंजिनिअरिंगवाले, म्हणून तिचं तत्त्व थोडक्यात सांगतो. साध्या चुलीत जाळ भांड्याच्या सगळ्या बाजूंनी निसटतो आणि धूर खोलीत पसरतो. धुराड्याच्या चुलीत जाळ बंद मार्गानं पहिल्या भांड्याखालून दुसऱ्या भांड्याखाली जातो आणि तिथून धुराड्यात. धुराड्यातली तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, तिच्या ओढीनं चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत येते. पंखा नाही, वीज नाही. पहिल्या भांड्यावर भाकरी-भाजी, उरलेल्या उष्णतेवर दुसऱ्या भांड्यात पाणी तापतं. लाकूड वाचतं आणि धूर छपराबाहेर जातो. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरमध्ये आपण जे घोकतो ते इथे मातीत लिंपलेलं आहे!

पण ही गोष्ट इथे संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. मगन चूल घराघरात पोचली का? नाही. पुढे १९८० च्या दशकात सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, तो २००२ च्या सुमारास थांबला. लाखो चुली वाटल्या गेल्या आणि त्यातल्या पुष्कळ काही दिवसांत बंद पडल्या. कारणं काय? धुराड्यात काजळी साचते, ती झाडावी लागते. न झाडली तर ओढ कमी होते आणि धूर पुन्हा घरातच. साचलेली काजळी पेटली तर छपराला धोका. भांड्याच्या मापात भोक नसेल तर बाई चूल फोडून पहिल्यासारखी करते. म्हणजे वस्तू देऊन भागत नाही. ती वापरायची, झाडायची, दुरुस्त करायची सवय सोबत द्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० मध्ये घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. आजीचा खोकला त्याच हिशेबातला आहे.

कुमारप्पांना हे माहीत होतं, म्हणून मगनवाडीत वस्तूंइतकंच माणसांवर काम चालायचं. तिथे ग्रामसेवकांसाठी विद्यालय होतं. पोरं शिकून, स्वतः हातानं काम करून गावात परत जायची. 'ग्राम उद्योग पत्रिका' नावाचं मासिक निघायचं. कुमारप्पा वक्तशीर आणि कडक. वायफळ बोलणाऱ्याची त्यांच्यापुढे खैर नसायची, असं वाचलं. सरांचा स्वभाव कुठून आला ते कळलं!

कायदा आणि सरकार याकडे त्यांनी पाठ फिरवली असंही नाही. १९३८-३९ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारनं औद्योगिक पाहणी समिती नेमली, तिचे अध्यक्ष कुमारप्पा. आपला वर्धा तेव्हा याच प्रांतात. समितीनं सहाशेवर गावांची पाहणी केली आणि मगच सरकारला काय करायचं ते सांगितलं. त्याच सुमारास नेहरूंच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय नियोजन समितीतही ते होते. पण तिथे मोठ्या कारखान्यांपुढे खेड्याला जागा उरत नाही असं दिसल्यावर काही महिन्यांतच बाहेर पडले. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या शेती सुधारणा समितीचे ते अध्यक्ष झाले. १९४९ च्या अहवालात या समितीनं मधले दलाल हटवावेत, जमीन कसणाऱ्याला मिळावी, धारणेवर मर्यादा असावी, असं सुचवलं. म्हणजे गरज पडली तेव्हा त्यांनी कायद्याचाही आग्रह धरला. पण त्याआधी ते सहाशे गावं पाहून आले होते. आधी मोजणी, मग माणसं जोडणं, मग नियम. मला यात एक पक्का क्रम दिसतो, आणि आमच्या प्रोजेक्टमध्ये नेमका तोच उलटा झाला होता.

१९४२ च्या चळवळीत ते पुन्हा तुरुंगात गेले. जबलपूरच्या तुरुंगात तब्येत ढासळली, रक्तदाब वाढला, पण तिथेच त्यांनी 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' हे पुस्तक लिहिलं. १९४५ मध्ये ते सुटले. पुस्तकात त्यांनी निसर्गातून अर्थव्यवस्थेचे पाच प्रकार काढले आहेत. दुसऱ्याला खाऊन जगणारा परोपजीवी. काही न पेरता आमराईत घुसणाऱ्या माकडासारखा लुटारू. स्वतःचं घरटं बांधणाऱ्या पाखरासारखा उद्यमी. सगळ्या पोळ्यासाठी राबणाऱ्या मधमाशीसारखा समूहाचा. आणि परतफेडीची अपेक्षा न ठेवता पिल्लांना भरवणाऱ्या आईसारखा सेवेचा. लेखापालानं लिहिलेलं असलं तरी यात आकड्यांपेक्षा पाखरंच जास्त! गांधीजींनी त्यांना गमतीनं ग्रामोद्योगाचे डॉक्टर अशी पदवीच देऊन टाकली होती.

स्वातंत्र्यानंतरची त्यांची एक गोष्ट वाचून तर मी उडालोच. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मगनवाडी सोडून त्यांनी शेतीचे प्रयोग करायला पन्नाई आश्रम काढला, तो सेलडोहला! माझी बस दर शनिवारी ज्या गावातून जाते, तिथे. पन्नाई हा तमिळ शब्द, अर्थ शेत. त्यानंतर प्रकृतीमुळे ते तमिळनाडूत मदुराईजवळच्या कल्लुपट्टीला गेले आणि तिथल्या आश्रमात लहानशा घरात राहिले. त्यांच्या खोलीत एका गरीब खेडुताचं चित्र होतं. कोणी विचारलं तर ते सांगत की गांधी माझे गुरू, आणि हा माझ्या गुरूचा गुरू. ३० जानेवारी १९६० ला ते वारले. बारा वर्षांपूर्वी याच तारखेला गांधीजी गेले होते.

त्यांच्यामागे वर्ध्यात काम थांबलं नाही. त्यांच्यासोबत काम केलेल्या देवेंद्रकुमारांनी १९७६ मध्ये ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केलं आणि चूल, घर, संडास यांवर प्रयोग पुढे नेले. मगनवाडीच्याच आवारात आता महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. आपल्यापासून हाकेच्या अंतरावर! आणि आपण प्रोजेक्टची आयडिया शोधायला नेटवर बसतो.

आता आमच्या डब्याचं काय झालं, ते सांगून संपवतो. पुढच्या सुट्टीत आम्ही चौघंही गावी गेलो. या वेळी डबा बॅगेतच ठेवला आणि वही काढली. आमच्या ओळीतल्या घरोघर जाऊन विचारलं : चूल कुठे, झोपता कुठे, कापूस कुठे, वायरिंग कधीचं, रात्री लाइट किती जाते? दोन दिवस आजीजवळ बसून चूल पेटायला किती वेळ धूर होतो तेही बघितलं. मग डिझाइन बदललं. स्वयंपाकघरातला धुराचा अलार्म काढला. तिथे उष्णतेवर वाजणारा बसवायचं ठरलं. त्यातही मेख होती. बाजारातले पुष्कळ हीट अलार्म ५७-५८ अंशांच्या आसपास वाजतात, आणि आपल्या मे महिन्यात टिनाखाली काय तापतं ते तुम्ही जाणताच! म्हणून तो टिनाला न चिकटवता खाली, मोजून लावला. धुराचा अलार्म गेला कापसाच्या खोलीत, झोपायच्या जागेजवळ. सेन्सर बदलून प्रकाशाच्या विखुरण्यावर चालणारा घेतला. तो फार थोडा करंट खातो, त्यामुळे बॅटरी टिकते. आणि चुलीला धुराडं बसवलं. माती कालवली आजीनंच, आम्ही फक्त माप दिलं, तेही तिनं दोनदा चुकीचं ठरवलं.

बॅटरी चालू आहे की नाही हे बघायला बटण असतं, पण ते दाबायची आठवण कोणाला राहणार? आजीनंच तोडगा काढला. आठवडी बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन निघताना ती काठीच्या टोकानं बटण दाबते. वाजलं की बाजाराला!

राहिला कायदा. आपल्याकडे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ आहे, तो डिसेंबर २००८ पासून लागू झाला. मोठ्या इमारती, दवाखाने, सभागृहं अशा ठिकाणी आगीची साधनं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे आणि ती चालू असल्याचा दाखला दर वर्षी जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घ्यावा लागतो. चांगली गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये २०१५ पासून भाड्याच्या घरातही दर मजल्यावर स्मोक अलार्म लावणं घरमालकाला सक्तीचं झालं. पण आमच्या कौलारू घरात कापसाच्या ढिगाजवळ झोपलेल्या माणसापर्यंत आपला कायदा पोचत नाही. तिथपर्यंत पोचू शकते ती ग्रामसभा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आम्हाला दहा मिनिटं मिळाली. आम्ही वहीतल्या नोंदी वाचल्या. कोणाच्या घराचं नाव न घेता किती ठिकाणी कापूस, चूल आणि झोपायची जागा एकाच भिंतीला लागून आहे ते सांगितलं. सभेत शांतता पसरली. मग एकानं पैसे कोण देणार असं विचारलं, दुसऱ्यानं मागे वाटलेल्या चुलींचं काय झालं ते ऐकवलं. दोघांचंही बरोबर होतं. अजून ठराव झालेला नाही. कापूस ठेवणाऱ्या घरांची यादी करायची आणि हंगामाआधी वायरिंग तपासून घ्यायचं, एवढं मात्र ठरलं. अलार्मचं पुढच्या सभेत बघू म्हणाले.

पुढच्या सभेला आम्ही जाणार आहोत. आजीसुद्धा येणार आहे, कारण धुराडं झाडायचं कसं हे बायांना ती आमच्यापेक्षा चांगलं सांगते. मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी कापूस भरलेला आहे, त्यांनी या सुट्टीत एवढंच करा : झोपायच्या आधी एकदा चूल, वायर आणि ढीग यांच्यातलं अंतर बघा आणि वहीत लिहा. प्रोजेक्ट तिथूनच सुरू होतो. आणि कुमारप्पा मार्गावरून जाल तेव्हा त्या पाटीकडे एकदा नक्की बघा. लंडन-न्यूयॉर्क बघून आलेला एक हिशेबनीस आपल्या आजीच्या चुलीजवळ येऊन बसला होता, हे आठवेल.